पावती नाका, वकीलबाब

माझ्या ऑफिसातल्या कपाटाच्या खालच्या खणात अकरा कोरी पावतीपुस्तकं पडून आहेत. प्रत्येकात ५० पावत्या, वरची पांढरी, खालची पिवळी, मध्ये कार्बन घालायचा. माथ्यावर माझं नाव, त्याखाली ‘विधानसभा निवडणूक २०२२’, मग देणगीदाराचं नाव, गाव, रक्कम, रोख की चेक की यूपीआय, आणि उजव्या कोपऱ्यात लाल नंबर. छापखाना घरचाच, त्यामुळे उत्साहाच्या भरात १५ पुस्तकं छापून घेतली होती. तीन संपली, चौथ्यातल्या ३७ पावत्या फाडल्या. बाकीची तशीच. बायको दर दिवाळीला विचारते, रद्दीत घालू का? मी राहू दे म्हणतो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला वकील. मिरामारच्या साळगावकर कॉलेजातून कायदा शिकलो, १९९६ला सनद घेतली आणि तेव्हापासून कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), वाटण्या, वहिवाटीची पायवाट अडवली, असले खटले चालवतो. छापखाना वडिलांचा. जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, आणि दर पाच वर्षांनी निवडणूक. बाबांचा नियम सोपा होता: पक्ष कोणताही असो, ॲडव्हान्स आधी. एकदाच त्यांना ऑर्डर परत करताना पाहिलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता लागतो, किती प्रती छापल्या तेही अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या उमेदवाराच्या माणसाला छापायच्या होत्या एक आकडा आणि कळवायचा होता दुसरा. बाबा म्हणाले, “मशीनला काउंटर आहे, तो माझं ऐकत नाही.” माणूस दुसऱ्या प्रेसमध्ये गेला. बाबांना आयुष्यभर त्या ऑर्डरची हळहळ वाटत राहिली, हेही सांगायला हवं.

बाबा २००९ला गेले आणि छापखाना माझ्याकडे आला. बार कौन्सिलचा नियम असा की, वकिलाला वारशानं घरचा धंदा आला तर तो चालू ठेवता येतो, पण त्याच्या कारभारात स्वतः पडायचं नाही. म्हणून मशीन, कामगार, उधारी, सगळं बायकोनं हातात घेतलं. मी संध्याकाळी तिथे चहा प्यायला जातो आणि प्रूफात ऱ्हस्व-दीर्घ काढतो. तेवढ्याला कारभार म्हणत असतील तर मी दोषी.

उभं का राहिलो, ते फार सांगत नाही. गोव्यात ४० मतदारसंघ आणि साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका मतदारसंघात जेमतेम २९ हजार. एवढ्याशा जागेत माणूस वीस-पंचवीस वर्षं कोर्टात वावरला की लोकच म्हणायला लागतात, वकीलबाब, यंदा तुम्ही राहा. म्हणणारे मत देतात असं नाही, पण म्हणतात गोड. एका पक्षाचं बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न होता, “तुमचं तुम्ही किती घालाल?” मी अपक्ष राहिलो.

निवडणूक आयोगानं ६ जानेवारी २०२२ला खर्चमर्यादा वाढवली. गोव्यासारख्या लहान राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ती २८ लाख झाली. दोनच दिवसांनी वेळापत्रक आलं: अर्ज २८ जानेवारीपर्यंत, माघार ३१पर्यंत, मतदान १४ फेब्रुवारीला. कोर्टाच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, कुणीतरी म्हणालं, २८ लाखांत तर एका वाड्याचं पण भागत नाही. सगळे हसले. मी घरी जाऊन हिशेब मांडला, माझे सहा लाखांत भागणार होते. पैकी निम्मे तरी लोकांकडून घ्यायचे, प्रत्येक रुपयाला पावती द्यायची आणि देणाऱ्यांची यादी दर रविवारी ऑफिसबाहेर फळ्यावर लावायची असं ठरवलं. राजकारणातला पैसा उजेडात आणायला दुसरं काय लागतं, असं तेव्हा वाटत होतं.

अर्ज भरणं हे वेगळंच प्रकरण निघालं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. हा नियम १९९६चा. त्याच वर्षी आमच्याच गोव्याचे ॲड. रमाकांत खलप केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले, म्हणून बार रूममध्ये त्याची आठवण निघते. माझा अकरावा सूचक मी जादाचा ठेवला होता, आणि बरं केलं. नवव्यानं आदल्या रात्री फोन उचलला नाही. त्याचा मुलगा सरकारी खात्यात हंगामी कामाला आहे, हे मला नंतर आठवलं.

मग फॉर्म २६, म्हणजे मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र. त्यात रकाने असतात: स्वतः, पती-पत्नी, अविभक्त कुटुंब, अवलंबून असलेले. देशभरच्या उमेदवारांना हे रकाने सोपे जात असतील. आम्ही पोर्तुगीज नागरी कायद्याखाली लग्न केलेली माणसं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा. आयकर कायद्यातसुद्धा आमच्यासाठी तेव्हा कलम ५अ होतं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं विभागलं जातं. म्हणजे छापखान्याची ऑफसेट मशीन कुणाची? निम्मी माझी. तिच्या आईनं तिला दिलेलं सोनं? लग्नाआधीचं की नंतरचं यावर बसलो. रात्री साडेअकराला बायको म्हणाली, “घटस्फोट घेणारे तुझ्याकडे येतात त्यांची पण एवढी चौकशी करतोस का?” शेवटी प्रत्येक रकान्यात निम्मी किंमत लिहिली आणि खाली टीप जोडली. अनामतीचे १०,००० रुपये भरले. चिन्हाची पहिली पसंती गेली, दुसरीही गेली, तिसरी मिळाली: कपबशी. पुढचे १४ दिवस मी लोकांना कपबशी दाखवत फिरलो आणि कार्यकर्त्यांना पाजलेल्या प्रत्येक कपाची नोंद करत राहिलो.

ती नोंदवही पाहिल्याशिवाय निवडणूक काय असते ते कळत नाही. अर्जाच्या आदल्या दिवशीपर्यंत निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खातं उघडावं लागतं. अर्ज भरला की छापील वही हातात पडते. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका माणसाकडून १० हजारांवर रोख घ्यायची नाही आणि एकाला तेवढ्यावर रोख द्यायची नाही. प्रचाराच्या काळात तीनदा वही तपासायला न्यायची. आणि आपण वही लिहितो तशी समोरूनही एक वही लिहिली जात असते. व्हिडिओ पथक सभेचं चित्रण करतं, दुसरं पथक ते बघून खुर्च्या, बॅनर, गाड्या मोजतं, आणि ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे आपल्या नावावर खर्च चढवतं. तिला सावली-वही म्हणायला हरकत नाही. तपासणीला दोन्ही वह्या शेजारी ठेवतात.

पहिल्या तपासणीत मी खुर्च्यांवर अडकलो. एका समर्थकाच्या अंगणात छोटी बैठक होती. मी ४० खुर्च्या भाड्यानं आणल्या, ४० लिहिल्या. समोरच्या वहीत ६० होत्या. मी वकिली खाक्यात विचारलं, पुरावा? लेखनिकानं शांतपणे लॅपटॉप फिरवला. क्रीडा मंडळाच्या पोरांनी आपल्या २० खुर्च्या आणून मांडल्या होत्या, मला न सांगता. मी म्हणालो, त्या फुकट आहेत. तो म्हणाला, फुकट म्हणजे देणगी, देणगी म्हणजे खर्च, तुमच्याच वहीत दोन्हीकडे चढवा. तो बरोबर होता. आयुष्यभर इतरांना ‘लेखी दाखवा’ म्हणत आलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्च्यांनी खाली बसवलं.

दुसऱ्यांदा पत्रकांवरून झालं. बायकोनं मला कागद, शाई आणि मजुरी एवढंच बिल लावलं होतं. घरचं काम, नफा कसला? तिथे सांगितलं, दरपत्रकापेक्षा कमी आहे, बाजारभावानं धरा. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणे, “मग फरकाचा चेक दे.” दिला. निवडणूक खात्यातून तिच्या प्रेसच्या खात्यात. आमच्या कायद्याप्रमाणे त्यातला निम्मा नफा पुन्हा माझाच.

हे सगळं जाचक वाटलं तरी मला ते आवडायला लागलं होतं. आकड्यांना आकडे जुळतात, संध्याकाळी बेरीज लागते. अवघड होतं ते वहीच्या दुसऱ्या टोकाला. पैसे कुठे गेले ते विचारणारी चार पथकं. पैसे कुठून आले ते विचारायला जवळजवळ कुणी नाही, आणि सांगायला तर त्याहून कुणी नाही.

पहिल्या रविवारी मी पावतीपुस्तक घेऊन बाजारात निघालो. सुरुवात चांगली झाली. एका निवृत्त मास्तरांनी ५०० दिले, चष्मा लावून पावती वाचली, माझं ‘देणगीदार’ दीर्घ-ऱ्हस्व बरोबर आहे म्हणाले. मासळी बाजारात एका बायनं कंबरेची पिशवी सोडून शंभराची नोट काढली. मी म्हटलं, बाय, शंभराला पावती नको असेल तरी चालेल, नाव न लिहिता एकत्र दाखवीन. ती उसळली, “म्हाका पावती जाय. नाव नीट बरय.” तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वाडा, सगळं लिहून घेतलं आणि पावती ब्लाउजात ठेवली.

मग जसजशी रक्कम वाढत गेली, तसतसं पुस्तक मिटत गेलं. हार्डवेअरवाला, माझा जुना अशील, गल्ल्यातून दहा हजार मोजून पुढे करतो, मी पेन काढतो, आणि तो हात मागे घेतो. “पावती नाका, वकीलबाब.” म्हणजे पावती नको. का? दुकानाचा परवाना पंचायतीचा. एक कंत्राटदार म्हणाला, माझी तीन बिलं सरकारात अडकली आहेत, तुमच्या पावतीनं चौथंही अडकेल. ट्रकवाला म्हणाला. बागायतदार म्हणाला. एका डॉक्टरांनी चेक लिहिला, सही केली, पाच मिनिटं बघत बसले आणि माझ्यासमोर फाडला. “माझं नर्सिंग होम आहे हो,” एवढंच म्हणाले. सरकारी शाळेतल्या एका शिक्षिकेचे दोन हजार मात्र मीच परत केले, सेवानियमात बसत नव्हते. ती रडवेली झाली.

माझा सीए वेगळंच सांगत होता. मोठ्या देणगीदाराला तू काही देऊ शकत नाहीस, कारण नोंदणीकृत पक्षाला दिलं तर आयकराच्या ८०जीजीसी कलमाखाली वजावट मिळते, अपक्षाला दिलं तर नाही. उलट वर्षात परक्यांकडून ५० हजारांवर आलेली रक्कम तुझ्याच उत्पन्नात धरायचा प्रश्न येईल, जपून राहा. निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव उघड न करता द्यायचे? तेही पक्षालाच, आणि तोही आधीच्या निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळवलेला हवा. म्हणजे उघड पैसे घ्यायला निघालेल्याला कायद्यानं सवलत नव्हती. झाकून घेणाऱ्यांसाठी स्टेट बँकेत खास खिडकी होती.

रोख्यांचं नाव निघालं म्हणून कबूल करतो. जानेवारी २०१८मध्ये योजना आली तेव्हा बार रूममध्ये मी तिची बाजू मांडली होती. देणाऱ्याला सूडाची भीती असते, नाव झाकलं तर तो निदान बँकेतून देईल, काळा पैसा कमी होईल, हे सरकारचं म्हणणं मला पटलं होतं. २०२२च्या त्या फेब्रुवारीत बाजारात फिरताना तर ते जास्तच पटलं. भीती खरी होती. मी ती मागे घेतलेल्या दहा-दहा हजारांवर बघत होतो.

मग एका संध्याकाळी एका मोठ्या उद्योजकाकडे गेलो. नाव लिहीत नाही, तालुक्यात लोक ओळखतील. त्यांचे दोन करार मी पूर्वी तपासून दिले होते. पोर्चमध्ये बसवलं, कोकम दिलं. मी विषय काढला तर म्हणाले, देतो ना, दोन देतो. दोन म्हणजे दोन लाख. रोख. मी १० हजारांचा नियम सांगितला, चेक मागितला, पावतीपुस्तक टीपॉयवर ठेवलं. ते पुस्तकाकडे बघून मनापासून हसले.

“वकीलबाब, मी उभ्या असलेल्या सगळ्यांना देतो. कुणाला जास्त, कुणाला कमी. पावती घेतली की मी एकाचा झालो. नाही घेतली की सगळ्यांचा.”

“तुम्हालाही भीती आहे?” मी विचारलं.

“भीती कसली? जो येतो तो आधी मलाच फोन करतो.”

घरी येताना स्कूटरवर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. हार्डवेअरवाला आणि हे, दोघेही पावती नको म्हणत होते. शब्द तोच. पण एकाला आपलं नाव कळलं तर आपलं दुकान जाईल याची धास्ती होती. दुसऱ्याचं नाव ज्यांना कळायला हवं त्यांना कळलेलंच होतं. पावती नसल्यानं ते फक्त मतदारांना कळत नव्हतं. बार रूममध्ये मी या दोघांना एकच देणगीदार समजून भाषण ठोकलं होतं.

फळ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या रविवारी ४१ नावं लागली, रकमेसह, आणि मला फार भारी वाटलं. एका वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं फोटोही काढला. बुधवारी चहाच्या गाड्यावाला आला. त्यानं २०० रुपये दिले होते, फळ्यावर सत्ताविसावं नाव. गाडा रस्त्याच्या कडेला, परवाना कच्चा. आदल्या रात्री गावातला एक वजनदार माणूस त्याच्याकडे चहा पिऊन गेला होता आणि जाताना फक्त एवढं म्हणाला होता, “वकिलाक दोनशे? आम्हांक किदें?” म्हणजे, मग आम्हाला काय? धमकी नाही, शिवी नाही. कोर्टात उभं राहण्यासारखं एक अक्षर नाही. गाड्यावाला मला हात जोडून म्हणाला, नाव पुसा, पैसे ठेवा.

मी फळा उतरवला. कायद्यानं मला तो लावायला सांगितलाच नव्हता. राजकीय पक्षांनासुद्धा २० हजारांवरच्या देणगीचंच नाव आयोगाला कळवावं लागतं, आणि मी २०० रुपयांचा माणूस चौकात टांगला होता. मोठ्यांना माझ्या फळ्यानं काडीचाही धक्का बसला नाही, कारण ते त्यावर आलेच नाहीत.

मतदानानंतर २४ दिवसांनी, १० मार्चला निकाल. त्या दिवशी फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी आणि सांत आंद्रेत विरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले, त्यामुळे एकेका मताची चर्चा होती. माझ्या मतांची कुणी केली नाही. हजाराच्या थोडी वर. अनामत वाचवायला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त लागतात, तेव्हा १०,००० रुपये गेले. मासळीवाली बाय मात्र दुसऱ्या दिवशी भेटली आणि म्हणाली, पुढच्या वेळी कपबशी घेऊ नका, फुटते.

हरल्यावर कुणालाही हिशेब लिहावासा वाटत नाही. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७८ सांगतं, निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दाखल करा. नाही केला आणि सबळ कारण नसलं तर कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्र. फोंडा तालुका २०१५ला उत्तर गोव्यातून दक्षिणेत गेला, त्यामुळे आमची फेरी पणजीऐवजी मडगावची. आधी ताळमेळाची बैठक झाली, दोन्ही वह्यांतला फरक मिटवला. माझा उरला होता २७० रुपये, एका बॅनरच्या मापावरून. मी वाद न घालता मान्य केला. एकूण खर्च ४,३८,२७० रुपये, मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याइतकाही नाही. पैकी देणग्या २,१४,६५०, पावत्या १८७. बाकी घरचे, म्हणजे निम्मे बायकोचे. गोषवारा, परिशिष्टं, व्हाउचरांवर सह्या, शपथपत्र, बँकेचा उतारा. सगळं देऊन मी काउंटरवर थांबलो. समोरच्या मुलीनं विचारलं, अजून काही? म्हटलं, पोच द्या. तिनं शिक्का मारलेला कागद दिला. त्या दोन महिन्यांत माझ्या हातात पडलेली ती एकमेव पावती.

बाहेर पायरीवर एका पक्षाच्या उमेदवाराचा हिशेबनीस सिगारेट ओढत होता. त्याच्या साहेबांचा आकडाही मर्यादेत आरामात बसला होता. कसा, ते गुपित नाही. १९७४मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चही, त्याला तो माहीत आणि मान्य असेल तर, त्याच्याच खात्यात धरावा. त्याच वर्षी संसदेनं कलम ७७ला स्पष्टीकरण जोडून तो निकाल निष्प्रभ केला. २००३च्या दुरुस्तीनं ती सूट बरीच आवळली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च आजही उमेदवाराच्या बाहेर राहतो. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. माझ्या २० खुर्च्या मोजल्या गेल्या. कुणाचं तरी हेलिकॉप्टर मोजलं गेलं नाही. हे मत्सरानं म्हणतोय असं वाटलं तर थोडं आहेच.

त्यानंतर मी हा विषय धरूनच बसलो. जुने निकाल काढले. आमच्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे १९५७मध्ये टाटा लोखंड-पोलाद कंपनीचं प्रकरण आलं होतं. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. छागलांनी परवानगी दिली, पण यातून लोकशाहीचा गळा घोटला जाऊ शकतो असा इशारा देऊन संसदेनं लक्ष घालावं असं बजावलं. पुढे १९६९ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ला ती उठली. त्यानंतर नफ्याच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा राहिली, ती २०१३च्या कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के झाली. २०१७च्या वित्त कायद्यानं तीही काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी कुणाचे पैसे देते, हा प्रश्न बाबांनी ॲडव्हान्स घेताना विचारला असता.

१५ फेब्रुवारी २०२४. माझ्या मतदानाला दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता. मी फोंडा कोर्टात वाटणीच्या दाव्यात साक्ष नोंदवत होतो. मधल्या सुट्टीत बार रूममध्ये आलो तर सगळे मोबाइलवर वाकलेले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी रोखे योजना घटनाबाह्य ठरवली होती. कंपन्यांची साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवणंही रद्द. २०१८मधलं माझं भाषण आठवणारे दोघे तिथे होतेच. एकानं विचारलं, “काय रे, तुझा गुप्त देणगीदार गेला की!”

निकाल घरी नेऊन वाचला. सूडाची भीती न्यायालयानं खोटी ठरवली नव्हती. देणगीदाराचं राजकीय मत हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, हेही मानलं होतं. पण मोठी देणगी देणाऱ्याला सत्तेपर्यंत पोचता येतं, देवाणघेवाण होऊ शकते, आणि ती जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. लहान देणगीदाराला २० हजारांच्या उंबरठ्याचं संरक्षण आहेच. वाचताना मला समोर एका बाजूला चहाचा गाडा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला पोर्चमधलं कोकम. स्टेट बँकेनं मुदत मागितली, मिळाली नाही. १४ मार्चला आयोगानं याद्या टाकल्या, आठवड्याभरानं रोख्यांचे क्रमांक आले आणि कुणाचा रोखा कुठे वटला ते जुळवता आलं. सहा वर्षांत साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. आमच्या बारमधली पोरं रात्री दोनपर्यंत जुळवत बसली होती.

आयोगानं सप्टेंबर २०२२मध्ये सरकारला असंही सुचवलं होतं की, २० हजारांचा उंबरठा २ हजारांवर आणावा. बारमधले माझे तरुण मित्र याच्या बाजूचे आहेत. वीस-वीस हजारांचे तुकडे पाडून कोटी जमवतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी मला ते पटत नाही. रोखीनं येणाऱ्या एकूण रकमेला लगाम घाला, पक्षांच्या खर्चाला मर्यादा लावा, पण दहा हजार देणाऱ्या हार्डवेअरवाल्याचं नाव गावच्या हाती देऊ नका. यावर आमचं एकमत झालेलं नाही, शनिवारी दुपारी अजून वाद चालतो.

ते उद्योजक मध्यंतरी कोर्टात भेटले. जमिनीच्या एका दाव्यात प्रतिवादी म्हणून आले होते, वकील दुसराच होता. जिन्यात थांबून त्यांनी रोख्यांच्या निकालावर माझं मत विचारलं, मी सांगितलं. मग मीच विचारलं, आता चेक देऊन पावती घ्याल का?

“देईन की,” ते म्हणाले, “तुम्ही आता कुठे उभे आहात?”

मी जिन्यात उभा होतो.